वीस यार्डांची अट

या प्रकरणात एल्क, म्हणजे सांबराच्या कुळातले अमेरिकेतले मोठे हरीण, मारला गेला नाही आणि जखमीही झाला नाही. बाण दोरीवर चढला आणि तसाच उतरवून भात्यात परत गेला. शिकारी माझा डेन्व्हरमधला शेजारी, पन्नाशी ओलांडलेला सुतार. हत्यार म्हणजे त्याने स्वतःच्या हातांनी बनवलेला लाँगबो, जुन्या पद्धतीचे लांब साधे धनुष्य. जागा वायव्य कोलोरॅडोतले फ्लॅट टॉप्स पठार, आणि काळ सप्टेंबरचा मध्य, म्हणजे एल्कच्या माजाचे दिवस. परवाना त्याचा होता. मी सोबत गेलो होतो तो ओझे वाहायला आणि पाहायला. परतल्यावर भेटेल त्याने एकच विचारले, "मिळाला का?" नाही म्हटल्यावर बोलणे दुसरीकडे वळायचे. त्या 'नाही'मागे काय काय होते, ते सविस्तर मांडण्यासारखे आहे असे मला वाटते.

माझे म्हणणे आधीच सांगतो. शेजाऱ्याला एल्क मिळाला नाही याची दोन कारणे: डोंगरावरचा वारा, आणि वीस यार्डांपलीकडे बाण सोडायचा नाही ही त्याने स्वतःला घातलेली अट. पहिले कारण निसर्गाचे, दुसरे त्याचे स्वतःचे. पण ही अट म्हणजे एका माणसाची हौस आहे असे कुणी समजू नये. सप्टेंबरमध्ये धनुर्धरांना शिकारीसाठी जो महिना मिळतो, तो अशा रिकाम्या परतणाऱ्यांच्या जिवावरच टिकून आहे.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीला शिकार म्हटले की दोनच चित्रे दिसतात: जुन्या फोटोंतले संस्थानिक, नाहीतर रात्री जीपचा दिवा मारणारे चोरटे. इथली व्यवस्था या दोन्हींहून वेगळी आहे. रान सार्वजनिक, जनावर राज्याचे, परवाना सामान्य माणसाचा, आणि मांस घरच्या फ्रीजरमध्ये जाते. शिकार असावी की नसावी हा वाद मी इथे काढत नाही. तो करणाऱ्यांनीही आधी हे प्रकरण पाहावे.

रान आणि जनावर

फ्लॅट टॉप्स पाहिल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला लगेच ओळखीचे वाटते. वर बेसाल्टचा सपाट सडा, कडेला तुटलेले कडे, आणि मध्येच साचलेली तळी. दगड आपल्या दख्खनसारखाच, फक्त उंची तीन हजार मीटरांच्या वर. व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमधला हा टापू १९७५ मध्ये वाइल्डरनेस म्हणून राखला गेला. दोन लाख एकरांहून मोठ्या या रानात मोटार चालत नाही, सायकलही नाही. घोडा किंवा स्वतःचे पाय. या पठाराच्या कडेला असलेल्या ट्रॅपर्स लेकजवळ १९१९ मध्ये वनखात्याचा आर्थर कारहार्ट आला होता, तळ्याभोवती उन्हाळी घरांसाठी जागा आखायला. तळे पाहून त्याने शिफारस केली की इथे काहीच बांधू नये. ती मान्य झाली, म्हणून आजही तिथे एल्क पाण्यावर येतो.

माथ्यावर गवताची मोकळी मैदाने आहेत आणि त्यांच्या कडेने उत्तरेच्या उतारांवर स्प्रूस आणि फरचे गच्च रान. १९३९ च्या वादळात इथली असंख्य स्प्रूस आडवी झाली, त्या पडलेल्या लाकडात खोडकिडा वाढला आणि पुढची दहा-बारा वर्षे त्याने उभी झाडे खाल्ली. रानात आजही पावलापावलाला पडलेली खोडे आहेत, आणि प्रत्येक खोडाला बोटाएवढ्या वाळक्या फांद्या. एक फांदी कड्कन मोडली की शंभर मीटरांवरचे कान टवकारतात. शेजाऱ्याने त्या रानात शंभर पावले चालायला अर्धा तास लावलेला मी पाहिला आहे.

एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, पण सांबराहून मोठा. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोंच्या आसपास, मादी सव्वादोनशे. कोलोरॅडोत आज अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत; अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. शंभर वर्षांपूर्वी मात्र खाणींच्या वसाहतींना मांस पुरवणाऱ्या बाजारू शिकारीने इथला एल्क जवळजवळ संपवला होता. वायोमिंगमधून कळप आणून सोडावे लागले, तेव्हा कुठे तो पुन्हा वाढला.

सप्टेंबरमध्ये दिवस लहान होऊ लागतो आणि नर माजावर येतो. मान काळी पडते, तो चिखलात लोळतो, झाडांच्या साली शिंगांनी सोलतो आणि ओरडतो. त्या ओरडण्याला इंग्रजीत ब्यूगलचे नाव आहे. मला ती शीळच वाटली: खालून घुमणारा गुरगुराट, आणि त्याच श्वासात वर चढत जाणारी, चार हजार हर्ट्झपर्यंत पोचणारी धारदार शीळ. एकाच जनावराच्या गळ्यातून दोन आवाज एकदम निघतात. पहाटेच्या थंडीत, अजून काही दिसत नसताना, समोरच्या डोंगरावरून ती ऐकू आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तीनशे किलोंच्या जनावराचा इतका बारीक आवाज असेल असे मला कधी वाटले नव्हते.

धनुष्य काय करू शकते

शेजाऱ्याचे धनुष्य मेपलच्या पातळ पट्ट्या एकमेकांवर चिकटवून बनवलेले, पुढून-मागून फायबरग्लासचा थर. ओढीचा जोर ५२ पौंड. कोलोरॅडोचा नियम किमान ३५ पौंड मागतो आणि बाणाचा फाळ पोलादी धारेचा, किमान पाऊण इंचाहून थोडा जास्त म्हणजे सात-अष्टमांश इंच रुंद असावा लागतो. त्या धनुष्याला नेमाची खूण नाही, चक्र नाही, दोरी सोडणारे यंत्रही नाही. तीन बोटांनी दोरी ओढायची, मधले बोट ओठांच्या कोपऱ्याला टेकले की नजर जिथे आहे तिथे बाण जातो. म्हणजे हजारो वेळा सोडल्यावर जातो.

आजचे बहुतेक धनुर्धर कंपाउंड धनुष्य वापरतात. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने त्याच्या पेटंटसाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. टोकांना चाके बसवल्यामुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार एकदम उतरतो, आणि शिकारी ओढलेल्या स्थितीत बराच वेळ थांबू शकतो. लाँगबोत उलटे आहे. जितके ओढाल तितका भार वाढतो, आणि पूर्ण ओढीवर ५२ पौंड तीन बोटांवर पेलून काही सेकंदांपलीकडे हात स्थिर राहत नाही. जनावर पाहत असताना ओढता येत नाही आणि ओढल्यावर थांबता येत नाही. या प्रकरणातला अर्धा पेच इथेच आहे.

बाकीचा अर्धा वेगाचा. त्याचा बाण जड, सुमारे ३९ ग्रॅमचा, आणि वेग सेकंदाला ५२ मीटरांच्या आसपास. त्यातली ऊर्जा साधारण ५० ज्यूल भरते. चांगल्या कंपाउंडचा बाण याच्या दुप्पट ऊर्जा घेऊन जातो. शिकारीच्या रायफलची गोळी तर हजारो ज्यूल. बाणाचे काम धक्क्याने होत नाही, धारेने होते. दोन्ही फुप्फुसांतून फाळ आरपार गेला तर एल्क शे-दोनशे मीटरांत कोसळतो. एकाच फुप्फुसाला लागला किंवा फऱ्याच्या हाडावर अडकला, तर तो कित्येक किलोमीटर चालत जातो आणि कुणाच्याच हाती न लागता मरतो, किंवा जखम घेऊन हिवाळा काढायचा प्रयत्न करतो.

अंतराचा अंदाजही निर्दय असतो. या वेगाचा बाण पंचवीस मीटर समजून सोडला आणि जनावर तीस मीटरांवर असले, तर तो वीतभराहून जास्त खाली लागतो. म्हणजे छातीवर धरलेला बाण पोटाखालून जातो किंवा पायाचे हाड मोडतो. पाच मीटरांची ही चूक अंधूक रानात कुणाकडूनही होते.

शेजाऱ्याने आपली अट कशी ठरवली हे सांगण्याजोगे आहे. वर्षभर रोज सकाळी तो अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर एक बाण मारतो. हात गरम करायला आधी काही नाही, दिवसाचा पहिलाच बाण. त्या पहिल्या बाणांचीच तो नोंद ठेवतो, कारण रानात मिळालाच तर तोच एक मिळतो. ज्या अंतरावर ते पहिले बाण ताटाएवढ्या गोलात न चुकता बसतात ते अंतर वीस यार्ड निघाले, म्हणजे अठरा मीटर. पुढचे बाण तो तीस यार्डांवरूनही सुरेख मारतो. ते तो मोजत नाही.

धनुष्याने शिकार करण्याची परंपरा अमेरिकेत पुन्हा रुजली ती इशीमुळे. 'याही' नावाच्या आदिवासी जमातीतला हा शेवटचा माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला रानातून एकटा बाहेर आला. त्याच्या लोकांचे शिरकाण आधीच झाले होते. विद्यापीठाच्या रुग्णालयातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे मित्र झाले आणि त्याच्याकडून धनुष्य बनवायला आणि शिकार करायला शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. शिकारीच्या आधी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे, ओढ्यात अंघोळ करून सुगंधी पाला अंगाला चोळत असे. नेमबाजीत पोप त्याच्याहून लांबचे लक्ष्य भेदायचे. पण हरणाच्या जवळ जाण्यात इशीची सर कुणाला नव्हती, आणि लाकडी धनुष्याला लागते ते तेच कौशल्य.

वारा

एल्कचे डोळे आणि कान कधीमधी फसतात. नाक फसत नाही. म्हणून डोंगरावरची सगळी आखणी वाऱ्यावरून होते. शेजाऱ्याच्या गळ्यात बारीक पावडरीची एक छोटी बाटली असायची. दर काही मिनिटांनी ती दाबायची आणि पांढरा धूर कुठे जातो ते पाहायचे, हे त्याचे चालूच.

रात्री डोंगराची हवा थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. पहाटेही ती खालीच येत असते. एल्क रात्रभर मैदानात चरून पहाटे वर, उत्तरेच्या उतारावरच्या गच्च रानात बसायला जातो. शिकाऱ्याने त्याच्या मागून, खालून वर जायचे. वारा तोंडावर, वास मागे. इथवर सगळे सोपे. मग ऊन चढते, उतार तापतो आणि हवा वर जाऊ लागते. नऊ-दहाच्या सुमारास वारा उलटतो, आणि खालून वर चढणारा शिकारी जिथे असेल तिथून त्याचा वास थेट बसलेल्या कळपात जातो. या दोन वाऱ्यांच्या मधला जो काळ असतो त्यात हवा कुठेच धड जात नाही. एक झुळूक इकडे, एक तिकडे. ढग आला की पुन्हा खाली, ऊन पडले की पुन्हा वर. सप्टेंबरात दुपारी गडगडाटी ढग जमले तर सगळाच हिशेब मोडतो.

थोडक्यात, पहाटेपासून वारा उलटेपर्यंतचे दोन-तीन तास आणि संध्याकाळी वारा पुन्हा बसल्यावरचा तासभर, एवढाच खरा वेळ. बाकी दिवस झाडाखाली बसून पावडर उडवायची.

ती सकाळ

उजाडायच्या आधी कळपाचा मोठा नर वरच्या अंगाला ओरडला. आम्ही मैदानाच्या कडेने चढलो. तो कळप हाकत वर नेत होता. आम्हाला माद्यांचे बारीक म्याव-म्याव ऐकू येत होते आणि मधूनच खूर दगडावर वाजत होते. कळप गच्च रानात शिरला तेव्हा आमच्यात आणि त्यांच्यात फार तर ऐंशी-नव्वद यार्ड असावेत. वारा अजून तोंडावर होता, पण ऊन समोरच्या कड्यावर आले होते.

शेजारी एका पडलेल्या खोडाआड गुडघे टेकून बसला, दोरीवर बाण लावला आणि तोंडातल्या रबरी पडद्याच्या शिट्टीने मादीचा आवाज काढला. मी त्याच्या मागे दहा-बारा पावलांवर झाडाला पाठ लावून होतो. मोठा नर लगेच ओरडला, पण आला नाही. त्याच्याजवळ माद्या होत्या, एका आवाजासाठी तो त्यांना सोडून येणार नव्हता. पुन्हा आवाज, पुन्हा शीळ. मग बराच वेळ काहीच नाही.

आला तो दुसराच. कळपाच्या कडेकडेने फिरणारा तरुण नर, एका शिंगाला पाच टोके, म्हणजे नियमाप्रमाणे मारण्याजोगा. तो न ओरडता आला. मला आधी झाडांच्या मधली एक उभी रेघ हलल्यासारखी वाटली, आणि मग तो पाय होता. दोन स्प्रूसच्या मधल्या फटीत, एका आडव्या खोडापलीकडे, तो समोरासमोर थांबला. अंतर पस्तीस यार्ड. तोंड सरळ आमच्याकडे.

तो मादीला शोधत होता. आवाज इथूनच आला होता, तर ती दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती, म्हणून तो पुढे येईना, आणि आवाज मात्र खरा होता, म्हणून मागेही जाईना. शेजाऱ्याचे धनुष्य मांडीवर तिरके, बोटे दोरीवर. तो श्वास घेतानाही दिसत नव्हता. किती वेळ गेला मी सांगू शकत नाही. मग माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली. नराने डोके वर केले, नाकपुड्या फुगल्या, एकदा भुंकल्यासारखा आवाज केला आणि उलटा फिरला. पाठोपाठ वरचे सगळे रान मोडत गेले. कळपच्या कळप माथा ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरला. अर्ध्या तासाने मोठ्या नराची शीळ तिकडून, फार लांबून आली.

शेजाऱ्याने बाण दोरीवरून काढला, फाळाला लागलेले गवत पुसले आणि तो भात्यात ठेवला.

न सोडलेला बाण

पुढे खूप दिवस मी या जागेवर अडलो होतो. पस्तीस यार्ड त्याला जमले असते का? अंगणात जमते, हे मी पाहिले आहे. मग रानात का नाही?

पस्तीस यार्ड म्हणजे बत्तीस मीटर. त्याचा बाण तिथे पोचायला सेकंदाच्या सहा-दशांशाहून थोडा जास्त वेळ घेतो. दोरीचा आवाज एक-दशांश सेकंदाच्या आत पोचतो. मधल्या अर्ध्या सेकंदात सावध जनावर अर्धे वळते, आणि हा नर पूर्ण सावध होता. त्यात तो समोरासमोर उभा. समोरून फुप्फुसांकडे जायला छातीच्या हाडाच्या वर, मानेच्या बुडाशी तळहाताएवढी जागा असते आणि दोन्ही बाजूंना हाड. जोरदार कंपाउंड घेतलेले काही जण अगदी जवळून हा बाण मारतात. अनेक अनुभवी धनुर्धर त्यालाही नको म्हणतात. पन्नास ज्यूलच्या बाणाने, अर्ध्या सेकंदाच्या अंतरावरून, तिथे मारणे म्हणजे नशिबावर सोडणे. वर दोरी ओढायची तर त्याच्या डोळ्यांदेखत.

आपल्याकडे लहान मूलही श्रावणबाळाची गोष्ट जाणते. दशरथ शब्दवेधी होता, नेम अचूक होता, आणि घागर बुडल्याच्या आवाजावर सोडलेला बाण जिथे सोडला तिथेच लागला. चूक हातांची नव्हती. काय आहे ते न पाहता बाण सोडला, इथे चूक झाली. त्या सकाळी शेजाऱ्याला नर दिसत होता, पण बाण कुठे लागेल ते दिसत नव्हते, आणि त्याने तेवढ्यावरून हात आवरला. मी पाहिलेल्या त्याच्या साऱ्या कौशल्यांत हे सर्वांत अवघड होते.

माझ्या मते या सकाळी काही चुकले असेल तर ते बाण न सोडण्यात नाही, तिथे थांबण्यात. दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक, जागा. आवाज काढणाऱ्याच्या आणि येणाऱ्या नराच्या मधे उंचवटा किंवा दाट झुडूप असे हवे की मादी दिसते का हे पाहायला नराला वीस यार्डांच्या आत यावेच लागेल. इथे पस्तीस यार्डांवरच फट होती, नराला तिथूनच सगळे दिसले, मग तो पुढे येईल कशाला? दुसरी, माणूस. तोच आवाज शेजाऱ्याच्या मागे चाळीस यार्डांवरून कुणी काढला असता, तर नर त्या आवाजाकडे चालत शेजाऱ्याच्या बाजूने, आडवा, पंधरा-सोळा यार्डांवरून गेला असता. एकट्याने आवाजही काढायचा आणि बाणही मारायचा, तर जनावराचे सगळे लक्ष नेमके धनुष्यावर येते. रायफलवाल्याला याने फरक पडत नाही. लाकडी धनुष्याला याहून मोठा फरक कशाने पडत नाही.

आणि वारा. ऊन कड्यावर आलेले दिसत होते. त्याच वेळी हळूच मागे फिरून, कळपाला काही कळू न देता, संध्याकाळी पुन्हा येणे शक्य होते. शेजाऱ्यालाही हे मान्य आहे. पण नव्वद यार्डांवर नर ओरडत असताना उठून निघून जायला जे लागते ते फार थोड्यांकडे असते, आणि मी त्याला यासाठी बोल लावणार नाही.

नंतरचे दिवस

कळप गेल्यावर ते खोरे ओस पडले. एका संध्याकाळी चिखलाच्या लोळणीजवळ बसलो असताना पाडसासह एक मादी आली, आडवी उभी राहिली, अंतरही मनासारखे. पण सूर्य मावळून अर्धा तास उलटून गेला होता आणि कायद्याचा वेळ संपला होता. ती पाणी पिऊन गेली.

मग उकाडा सुरू झाला. तीन हजार मीटरांवरही दुपारी बाही वर सारावी लागत होती, आणि एल्क फक्त रात्री हिंडू लागले. उकाड्याचा दुसरा अर्थ मांसाचा. मोठ्या नराचे हाड काढलेले मांसच शंभर किलोंच्या आसपास भरते. वाइल्डरनेसमध्ये गाडी नाही, म्हणजे पाठीवर चार-पाच खेपा, प्रत्येक खेप काही किलोमीटरांची. कोलोरॅडोचा कायदा खाण्याजोगे मांस रानात टाकू देत नाही. चारही पाय आणि पाठीच्या पट्ट्या आणाव्याच लागतात. गरम हवेत मांस हाडाजवळ आधी नासते. म्हणून शेजाऱ्याने शेवटी शिकारीचा परीघ आखडता घेतला: जिथून एका रात्रीत मांस गाडीपर्यंत येईल तेवढेच रान. त्या परिघात एल्क नव्हते. तो परिघाबाहेर गेला नाही, आणि आम्ही उतरलो.

महिन्याचा हिशेब

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहिले तो. जनावर माजावर असताना, आवाजाला येत असताना, त्याची शिकार करू देणे ही वन्यजीव व्यवस्थापनाच्या दृष्टीने मोठी सवलत आहे. रायफलला ती सरसकट दिली तर नरांची संख्या कोसळेल. म्हणून कोलोरॅडोत रायफलचे मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, माज ओसरल्यावर असतात. सप्टेंबर जवळजवळ पूर्ण धनुर्धरांना मिळतो, कारण शंभरातल्या जेमतेम दहा-पंधरांनाच एल्क मिळतो. त्यातही बहुतेक कंपाउंडवाले. उरलेले पंच्याऐंशी-नव्वद रान तुडवून, परवान्याचे पैसे भरून रिकामे परततात, म्हणून इतक्या लोकांना इतके दिवस रानात जाऊ देणे राज्याला परवडते.

पैशाचाही भाग आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखला गेला, आणि १९७२ च्या दुरुस्तीने धनुष्यबाणही त्यात आले. धनुष्यावर ११ टक्के. हा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो. रिकामा परतलेला शिकारीही तो भरतोच.

हा तोल हलू लागला आहे. धनुष्ये वेगवान झाली, अंतर मोजणारी यंत्रे खिशात आली, फोनवर प्रत्येक ओढ्याचा नकाशा आला, आणि माणसे वाढली. गर्दी इतकी झाली की २०२५ पासून बाहेरच्या राज्यांतल्या धनुर्धरांना पश्चिम कोलोरॅडोत एल्कचा परवाना पूर्वीसारखा थेट विकत मिळत नाही, सोडतीत नाव घालावे लागते. पल्ला वाढेल आणि यश वाढेल, तसा महिना आखडत जाईल आणि परवाने कमी होतील. जो तो साठ-सत्तर यार्डांवरून मारू लागला, तर सप्टेंबरमध्ये धनुर्धरांना मोकळे सोडण्याचे कारणच उरणार नाही. वीस यार्डांवर थांबणारा माणूस आपल्या वाट्याचे जनावर सोडतो आणि सगळ्यांच्या वाट्याचा काळ राखतो. हे मी शेजाऱ्याचे कौतुक म्हणून लिहीत नाही, तो हिशेबच असा आहे.

मांस मिळाले नाही याचे दुःख त्याला नव्हते असे नाही. वर्षभराचे मांस त्याच्या घरी एल्कचेच असते, आणि या हिवाळ्यात ते विकत घ्यावे लागले. त्याच्या बायकोने ते एकदाच बोलून दाखवले. उतरताना गाडीत तो पहिल्या तासात काही बोलला नाही. मग बोलला ते त्या फटीबद्दल: खोडाच्या उजवीकडे सरकून बसलो असतो तर ती फट झाकली गेली असती का. पुढे सगळा रस्ता आम्ही त्यावरच बोलत होतो.

हंगाम संपल्यावर राज्याच्या वन्यजीव विभागाची प्रश्नावली आली. कुठे गेलात, किती दिवस होतात, जनावर मिळाले का. ती ज्यांना मिळाले त्यांच्याइतकीच ज्यांना मिळाले नाही त्यांनीही भरायची असते, कारण पुढच्या वर्षाचे परवाने त्या दोन्ही उत्तरांवरून ठरतात. शेजाऱ्याने ती त्याच संध्याकाळी भरून पाठवली. पुढच्या सप्टेंबरात त्याचा भाचा सोबत येणार आहे, फक्त मागे बसून आवाज काढायला. रबरी पडद्याची शिट्टी त्याने आतापासूनच सुरू केली आहे आणि घरच्यांचे कान किटवले आहेत. धनुष्य तेच राहील, ओढ तीच, अट तीच. नकाशावर मात्र शेजाऱ्याने त्या उताराच्या वरच्या अंगाला दोन उंचवटे खुणावून ठेवले आहेत. तिथे बसले तर नराला वीस यार्डांच्या आत आल्याशिवाय पलीकडचे काही दिसणार नाही.